वाड्याच्या पायात कोण पुरलंय?

(चेन्नईतल्या मराठी वाचकांच्या एका छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय ‘भयकथा : वाचणं आणि लिहिणं’ असा ठेवला आहे. हा विषय कळल्यावर दोन जवळच्या माणसांनी मला प्रश्न विचारले. एक जण म्हणाले, आपल्या लोकांच्या वाट्याला खरं भय एवढं आलंय, त्यात कल्पनेतल्या भयाची भर कशाला? दुसऱ्या ताई म्हणाल्या, बाबासाहेबांनी आपल्याला भूतखेत, देवऋषी, अंगारे-धुपारे यांतून बाहेर काढलं, आणि तू पुन्हा भुतांच्याच गोष्टी लिहितेस? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी भयकथा लिहिते, त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे. पण आधी आपण मराठीत आणि इथे तमिळमध्ये काय लिहिलं गेलंय ते पाहू. उत्तर त्यातूनच निघेल असं मला वाटतं.

सुरुवात भुतांपासून करू. माणूस मेला तरी जात मरत नाही, असं आपण बोलता बोलता म्हणतो. भुतांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. १९१५ मध्ये आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणातल्या लोकसमजुतींवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यासाठीची माहिती ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा करून ठेवली होती. नाशिकचे कलेक्टर, १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेच हे जॅक्सन. त्या पुस्तकात भुतांची मोठी यादी आहे. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा, तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. ब्राह्मणाचं भूत झालं तर त्याला ब्रह्म हा शब्द लावायचा, ब्रह्मसमंध, ब्रह्मराक्षस. लग्न झालेला शूद्र मेला तर देवचार. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात मेली तर हडळ. ही यादी वाचताना आपण भुतांबद्दल वाचतोय की जनगणनेचा तक्ता वाचतोय, असा प्रश्न पडतो. पुरुष मेला की त्याची जात आणि त्याचे संस्कार विचारायचे. बाई मेली की तिचा नवरा आहे की नाही ते विचारायचं. जिवंतपणी ज्या रकान्यात टाकलं, मेल्यावरही त्याच रकान्यात.

२०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला आणि तुफान चालला. मुंजा म्हणजे काय हे देशभरातल्या पोरांना कळलं. पण मुंज ज्यांची होतच नाही, त्यांच्या मुलांचं मेल्यावर काय होतं, हे त्या प्रेक्षकांपैकी किती जणांच्या मनात आलं असेल? अकाली मेलेली पोरं तर आमच्या वस्तीत जास्त होती. पटकी, देवी, उपासमार, विहिरीत पाणी भरायला मनाई असल्यामुळे डबक्यातलं पाणी पिऊन झालेले आजार. त्यांच्यासाठी पिंपळ राखून ठेवलेला नव्हता.

मग गावच्या भुतांच्या गोष्टींत आम्ही कुठे होतो? आम्ही कामाला होतो. गावात साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून न्यायचा, तो आमच्या माणसांनी. आजारी माणसावरून ओवाळलेला उतारा तिठ्यावर ठेवायचा, आणि आमच्या गावात तो तिठा नेमका आमच्या वस्तीच्या वाटेवर होता. माझी आजी सांगायची, उतारा ओलांडू नये असं गाव म्हणतं, पण शेतावर जायची वाट तीच, मग काय उडून जायचं? ती पायानं नारळ बाजूला करायची आणि पुढे जायची. कधी कधी नारळ घरी आणायची. गावाची पीडा जिथे टाकून द्यायची, तिथेच आमची घरं होती. भयकथेच्या नजरेनं पाहिलं तर ही फार विलक्षण जागा आहे. ज्या अंधाराला गाव घाबरतं, त्या अंधारात राहणाऱ्या माणसांची ही जागा. तिथून गोष्ट सांगायला सुरुवात केली की ती सगळीच बदलते.

आता मराठी भयकथेच्या सगळ्यात लाडक्या ठिकाणी जाऊ. ते म्हणजे वाडा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत आमची पिढी मोठी झाली. तालुक्याच्या वाचनालयातली धारपांची पुस्तकं हातोहात फिरून कव्हरं गेलेली असायची. त्यांच्यावर लव्हक्राफ्टचा आणि स्टीफन किंगचा ठसा आहे, पण त्यांनी तो दचका मराठी घरात, मराठी ओसरीवर आणला. हे सोपं काम नाही आणि त्याबद्दल मला आदर आहे. मतकरींच्या ‘खेकडा’ किंवा ‘गहिरे पाणी’मधल्या कथा वाचून रात्री पाणी प्यायला उठायची हिंमत व्हायची नाही. हे ऋण मान्य करूनच मी पुढे बोलते.

पण या वाड्याच्या गोष्टींचा साचा आठवून पाहा. वारसाहक्कानं मिळालेला जुना वाडा. बंद खोली. पूर्वजांचं पाप किंवा पूर्वजांचं धन. वारस येतो, दार उघडतो, काहीतरी जागं होतं. मग कोणी अधिकारी पुरुष येऊन ते शमवतो. धारपांचे समर्थ तसे आहेत. घर पुन्हा शुद्ध होतं. मला दोन शब्द खटकतात, वारसा आणि शुद्ध. ज्यांना वारशात वाडा मिळालाच नाही त्यांना बंद खोलीची भीती कशी वाटणार? आणि घर शुद्ध होणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळ्या अर्थानं माहीत आहे. आमचं पाऊल पडल्यावर जे गोमूत्र शिंपडलं जायचं, त्यालाही शुद्ध करणंच म्हणत.

वाड्याबद्दल मराठीतला सगळ्यात भयंकर मजकूर या दोघांनीही लिहिलेला नाही. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या आपल्या निबंधात ती सांगते, की आमच्या लोकांना त्यांच्या जमिनींवरून हुसकून मोठ्या इमारती बांधल्या, आणि त्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. हे ती गोष्ट म्हणून सांगत नाही, फिर्याद म्हणून सांगते. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिकाही याच जातीची आहे. बुरुज उभा राहीना, म्हणून नाथनाक आणि देवकाई या महार जोडप्याला पायात जिवंत पुरलं, मग तो उभा राहिला, असं ती सांगते. आख्यायिकेला आपण इतिहास म्हणायचं कारण नाही. पण गावोगावी अशा गोष्टी लोक सांगत आले आणि त्यात पुरला जाणारा माणूस कोण, याबद्दल कुणाला शंका नव्हती. एवढी माहिती मला लेखक म्हणून पुरेशी आहे.

मराठी भयकथेतल्या वाड्यात रात्री कुणीतरी रडतं. वाचक विचारतो, कोण रडतंय? उत्तर येतं, धन्याची पहिली बायको, किंवा छळलेली सून, किंवा खजिन्यावर बसलेला आजोबा. दीडशे वर्षांत पायातल्या माणसाला रडायची पाळी आली नाही. मुक्ता साळवेचा निबंध छापलेला होता, शाळेच्या, चळवळीच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा आला, तरी वाड्याच्या गोष्टी लिहिणाऱ्यांच्या टेबलावर तो पोचला नाही. भुताची गोष्ट म्हणजे दडपलेलं काहीतरी वर येणं, असं सगळेच मानतात. मग पायापेक्षा खाली दडपलेलं आणखी काय असतं?

आता प्रेतांकडे येऊ. भयकथेत नायक स्मशानात जातो तो कुतूहलानं, पैजेनं किंवा चुकून. आमच्या माणसांसाठी ती नोकरी होती. महार वतनात जी कामं येत त्यांत मयताची बातमी गावोगाव पोचवणं, बेवारशी प्रेताची राखण करणं, मेलेलं जनावर ओढणं ही कामं होती. मोबदला म्हणून मढ्यावरचं कापड. बाबासाहेब या वतनाविरुद्ध आयुष्यभर लढले आणि शेवटी कायद्यानं ते संपायला १९५८ उजाडलं. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ या १९८१ च्या आत्मचरित्रात याची एक आठवण आहे. विहिरीत प्रेत तरंगतंय. बाप त्याची राखण करत उपाशी बसलाय. पोरगा त्याच्यासाठी भाकरी घेऊन जातो. पोलीस येतात आणि बापाला हुकूम देतात, उतर विहिरीत आणि काढ वर. विहिरीत साप आहे हे सगळ्यांना माहीत आहे. विहीर, प्रेत, साप, अंधार, सगळं भयकथेचं सामान इथे आहे. पण पोराला भीती प्रेताची वाटत नाही. ती वाटते काठावर उभ्या असलेल्या, बापाला खाली उतरवणाऱ्या माणसांची. पुढे हाच पोरगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्या विहिरीला मात्र मराठी भयकथेत अजून जागा मिळालेली नाही.

आणि अण्णाभाऊ साठे. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा पुष्कळांनी अभ्यासक्रमात वाचली असेल आणि ‘दलित वास्तवाची कथा’ एवढं उत्तर लिहून गुण घेतले असतील. माझ्या मते ती मराठीतल्या सर्वश्रेष्ठ भयकथांपैकी एक आहे. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो. दगडाच्या खाणीत काम मिळतं, मग खाण बंद पडते. एका ओढ्याकाठच्या मसणवटीतल्या राखेत त्याला सोन्याचा कण सापडतो. तिथून तो राख चाळू लागतो, मग मढी उकरू लागतो. एका रात्री ताज्या गोरीवर त्याच्याआधी कोल्ही पोचलेली असतात. माणूस आणि कोल्ह्यांची त्या प्रेतासाठी झुंज होते. भीमा जिंकतो, प्रेताच्या तोंडात सोनं शोधायला बोटं घालतो आणि मढ्याचा जबडा त्याच्या बोटांवर बसतो. शेवटी बोटं कापावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली.

या कथेत भूत नाही. भीमाच्या बायकोला भुतांची भीती वाटते, भीमाला वाटत नाही. अंगावर काटा मात्र कोणत्याही भुतापेक्षा जास्त येतो. अण्णाभाऊंनी काय केलंय ते लेखक म्हणून पाहा. प्रेताला त्यांनी जिवंत केलं नाही. मेलेला जबडा मिटतो, बस्स. बाकी सगळी भीती खाण बंद पडण्यातून येते. राक्षस कोण आहे, हे वाक्य कथेत कुठेही लिहिलेलं नाही, तरी वाचक तिथे पोचतो. मला जर कुणी भयकथा शिकवायला सांगितली तर मी पो किंवा किंगच्या आधी ही कथा देईन.

तिसरं नाव बाबुराव बागूल. १९६३ चा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह. शीर्षककथेत रेल्वेतल्या नोकरीसाठी उधन्याला गेलेला माणूस खोली शोधतो आणि त्याला जात विचारली जाते. तिथून शेवटपर्यंत, तो मार खाईपर्यंत, वाचकाला एकच भीती धरून ठेवते : आता कळेल. हा भयकथेचा अस्सल घाट आहे. एरवीच्या गोष्टीत भाडेकरूला घरात काहीतरी लपलंय असं वाटतं. इथे घरालाच भाडेकरूमध्ये काहीतरी लपलंय असा संशय आहे. इथे चेन्नईत घर शोधलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ‘ओन्ली व्हेजिटेरियन्स’ असं लिहिलेली पाटी आणि त्यानंतरचा आडनावाचा प्रश्न आपण सगळ्यांनी पाहिलाय.

इथे मतकरींकडे एकदा परत येते. त्यांनीच १९७८ मध्ये ‘लोककथा ७८’ हे नाटक केलं, गावातल्या दलितांवरच्या अत्याचाराचं. म्हणजे हा अंधार त्यांना माहीत होता. तरी त्यांच्या लेखनात दोन कप्पे राहिले. सामाजिक नाटक एका कप्प्यात, गूढकथा दुसऱ्या. मराठी साहित्यानंच ही वाटणी केली. दलित लेखकानं आत्मकथन लिहायचं, सत्य लिहायचं, साक्ष द्यायची. कल्पना करायची ती इतरांनी. आमच्याकडून भोगलेलं मागितलं जातं, रचलेलं मागितलं जात नाही. आपण भयकथा लिहायची याचं माझ्यासाठी हे एक मोठं कारण आहे. कल्पनाशक्ती ही कुणाच्या वतनातली जमीन नाही.

आता या शहराविषयी. आपण ज्या शहरात बसलोय तिथे तमिळ भयकथेचा एक जुना धागा आहे. पुदुमैप्पित्तन, जन्म १९०६, मृत्यू १९४८. आयुष्याचा मोठा काळ मद्रासमध्ये पत्रकारिता आणि लेखन करण्यात गेला. त्यांची ‘कांचनै’ ही कथा तमिळमधली प्रसिद्ध भुताची गोष्ट आहे. एका लेखकाच्या दारात एक भिकारीण येते, बायको तिला घरकामाला ठेवून घेते. रात्री घरात चमत्कारिक वास येऊ लागतात, नवऱ्याची झोप उडते. ती भूत आहे की नाही, याचा निकाल लेखक देत नाही. फार सुंदर कथा आहे. तरी मला ती वाचताना कामवालीच्या बाजूनं प्रश्न पडतो. घरात आलेली परकी गरीब बाई, तिच्या वासाचं भय, तिच्या हातचं खाण्याचं भय. हे भय भूत यायच्या आधीपासून या घरात होतं. कधीतरी कुणीतरी ही गोष्ट कांचनैच्या तोंडून लिहिली पाहिजे.

चेन्नईत भुताच्या जागांच्या याद्याही फिरतात. त्यात एक नाव हमखास असतं, अड्यार नदीच्या मुखावरचा तुटका पूल. तरुण मंडळी रात्री तिथे भुतं शोधायला जातात. हा पूल १९६७ मध्ये कोळी लोकांना नदीपलीकडे जाता यावं म्हणून बांधला गेला आणि १९७७ मध्ये पाण्याच्या लोंढ्यानं तुटला. अजून तसाच आहे. भुताच्या गोष्टीत पांढऱ्या साडीतली बाई येते. पण पूल पुन्हा का बांधला नाही, हा प्रश्न येत नाही. शहराला तिथे भूत दिसतं, कारण तिथल्या माणसांकडे पाहायची त्याला सवय नाही. भयकथा लिहिणाऱ्यानं अशा ठिकाणी जाऊन आधी आजूबाजूच्या वस्तीत चहा प्यावा, मग भुताचं पाहावं.

तमिळ लोकपरंपरेत आपल्याला शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. इथे मारून टाकलेली माणसं देव होतात. मदुरै वीरनच्या कथेच्या अनेक आवृत्त्या आहेत. बहुतेकींत तो चांभारकाम करणाऱ्या जोडप्यानं वाढवलेला आहे, वरच्या घरातल्या बोम्मीवर प्रेम करतो, आणि शेवटी राजाच्या हुकमानं त्याचे हातपाय तोडले जातात. आज तो वेशीवरचा राखणदार देव आहे. कात्तवरायनला आर्यमालेवरच्या प्रेमासाठी सुळावर चढवलं गेलं, त्याचीही पूजा होते. या दोघांवर १९५६ आणि १९५८ मध्ये चित्रपट निघाले, एकात एमजीआर, दुसऱ्यात शिवाजी गणेशन. मारणाऱ्या गावालाच मेलेल्या माणसाची भीती वाटते, म्हणून गाव त्याला नैवेद्य दाखवतं. देव केलं की न्याय द्यावा लागत नाही, हा त्यातला डाव आहेच. पण खून झाला होता, ही नोंद तिथे राहते. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) मधली मारलेली कुत्री करुप्पी आणि ‘कर्णन’ (२०२१) मधली मुखवटा घातलेली मेलेली बहीण पाहा. ही मेलेली मंडळी परत येतात, पण घाबरवायला येत नाहीत. जिवंत माणसाला विसरू नकोस म्हणायला येतात. भुताचा हा उपयोग मराठी भयकथेला अजून नीट सापडलेला नाही.

आणि याच शहरातल्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनानं २०२४ मध्ये ‘द ब्लाफ्ट बुक ऑफ अँटी-कास्ट एसएफ’ हा संग्रह काढला. विज्ञानकथा, अद्भुत, भय, सगळं जातीविरोधी नजरेतून. याच प्रकाशनानं त्याआधी भारतातल्या भुताखेतांचा एक मोठा कोशही काढला होता. असं पुस्तक मराठीत पुण्या-मुंबईतून आधी यायला हवं होतं असं मला वाटतं. आपल्याकडे बागूल आहेत, अण्णाभाऊ आहेत, मुक्ता साळवे आहे. कमी कशाची आहे?

राक्षस कोणाला म्हणायचं, हा प्रश्न तर आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त राक्षस म्हणजे रक्षक, असा अर्थ लावला. म्हसोबा म्हणजे बळीराजाचा महासुभा, असं सांगितलं. त्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटेल की नाही हा वेगळा वाद. त्यांनी गोष्टीची बाजू बदलली, हे महत्त्वाचं. इथे रॉयपेट्टात पंडित अयोथी दास १९०७ पासून ‘तमिळन’ साप्ताहिक काढत होते. तेही पुराणांतल्या आणि सणांमागच्या कथा उलटून बौद्ध बाजूनं सांगत होते. पुण्यात एक आणि मद्रासमध्ये एक, दोघांनाही हे उमगलं होतं, की ज्याच्या हाती गोष्ट असते तोच ठरवतो कुणाला शिंगं आहेत.

आता त्या ताईंचा प्रश्न. आपण बौद्ध. चौदा ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांत आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडलं. मग मेलेल्यांच्या गोष्टी का?

पहिली गोष्ट, बौद्ध वाङ्मयाला प्रेतांचं वावडं नाही. खुद्दकनिकायात ‘पेतवत्थु’ नावाचा ग्रंथच आहे, प्रेतांच्या एक्कावन्न कथांचा. लोभी, कृपण, दुसऱ्याला नाडणारी माणसं मेल्यावर उपाशी भटकतात, अशा त्या कथा आहेत. सतिपठ्ठान सुत्तात स्मशानातल्या प्रेताच्या नऊ अवस्था डोळ्यांसमोर आणायला सांगितल्या आहेत. भिक्खूचं पांसुकूल चीवर उकिरड्यावरच्या आणि मसणातल्या टाकलेल्या चिंध्यांचं. जे मढ्यावरचं कापड आमच्या अंगावर अपमान म्हणून टाकलं, तेच त्या संघात सन्मानानं पांघरलं जात होतं. प्रेताकडे न घाबरता पाहणं, हीच तिथली साधना आहे.

दुसरी गोष्ट, भुताची गोष्ट आणि भुताचा धंदा यांत फरक आहे. गोष्ट ऐकणाऱ्याला माहीत असतं की ही गोष्ट आहे. ती संपली की तो घरी जातो, फार तर दिवा लावून झोपतो. देवऋषी मात्र सांगतो की हे खरं आहे, आणि कोंबडं, पैसे, कधी कधी बाईची अब्रू मागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द गावी भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यांत म्हातारी माणसं होती, बायका होत्या. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि त्याला जवळपास आठ वर्षं झाल्यावरही हे घडलं. म्हणून भयकथा लिहिताना माझी एक कसोटी आहे. माझी गोष्ट वाचून कुणी एखाद्या म्हातारीकडे, एकट्या बाईकडे, वेशीबाहेरच्या वस्तीकडे संशयानं पाहील का? पाहणार असेल तर ती गोष्ट कितीही रंगलेली असो, मी ती फाडते. करणी करणारी काळी बाई, नरबळी देणारा आदिवासी, मसणातला मळकट मांत्रिक, ही पात्रं मराठी भयकथेनं आणि चित्रपटानं मुबलक वापरली. त्यांचा हिशेब वणी खुर्दला चुकवावा लागतो.

आता पहिला प्रश्न उरला. खरं भय एवढं असताना खोटं कशाला?

कीळवेण्मणीत २५ डिसेंबर १९६८ ला झोपडीत कोंडून चव्वेचाळीस माणसं जाळली. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६. पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या वेंगैवयलमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा सापडली. या गोष्टींवर भयकथा लिहायची का? माझं उत्तर असं, की त्यांचा दचका म्हणून वापर करायचा नाही. मेलेल्या बाईच्या देहाचं वर्णन वाढवून वाचकाचा श्वास रोखायचा नाही. ते काम पेपरातल्या बातम्यांनी आधीच पुष्कळ केलंय. पण त्या घटनेनंतर गावात जे राहतं, ते लिहिता येतं. त्या टाकीतलं पाणी याआधी किती दिवस प्यायलो, हा प्रश्न एका आईच्या मनात रात्री येतो, तेव्हा तिला काय होत असेल? नळ सोडल्यावर येणारा आवाज तिला कसा ऐकू येत असेल? ही भयकथा आहे, आणि ती साक्षीच्या, पंचनाम्याच्या, निकालपत्राच्या भाषेत सांगता येत नाही. तिथे पुरावा लागतो. भीतीचा पुरावा देता येत नाही, ती गोष्टीतूनच दुसऱ्याच्या अंगात उतरवावी लागते.

अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी हे करून दाखवलंय. टोनी मॉरिसनच्या १९८७ च्या ‘बिलव्हेड’मध्ये गुलामगिरीतून पळालेल्या आईनं मारलेली लेक परत घरात येते. लव्हक्राफ्टच्या कथा वर्णद्वेषानं भरलेल्या आहेत, तर व्हिक्टर लाव्हाल यांनी २०१६ मध्ये त्याचीच एक कथा काळ्या माणसाच्या बाजूनं पुन्हा लिहिली. त्यांनी पुस्तक जाळलं नाही, आत शिरून गोष्ट ताब्यात घेतली. धारपांच्या वाड्यात आपल्यालाही असंच शिरता येईल.

इथे लिहिणारी तरुण मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं बोलते. कथा सुरू करण्याआधी स्वतःला विचारा, इथे कोण कोणाला घाबरतंय आणि का. घाबरणारा जर मालक असेल तर त्याची भीती म्हणजे अपराधाची भीती आहे, ती तशीच लिहा. जागा नेमकी लिहा. ‘एक भयाण जागा’ असं लिहू नका. गटाराचं झाकण लिहा, ते कोणत्या रस्त्यावर आहे ते लिहा, त्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आहे का ते लिहा. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये मृताच्या कुटुंबाला तीस लाख रुपये द्यायला सांगितलं, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कथेत आलं नाही तरी. भाषा आजीची वापरा. ‘अज्ञात शक्तीचे अस्तित्व जाणवले’ असं आजी कधी म्हणाली नव्हती. ती म्हणायची, ‘कायतरी हाय गं तिथं.’ आणि शेवटी घर शुद्ध करू नका. ज्या घराच्या पायात माणूस आहे ते शांत होऊ नये. पाया उकरला गेला पाहिजे, निदान वाचकाच्या मनात.

मुक्ता साळवेनं लिहून ठेवलं त्याला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. वाडे पडले, त्यांच्या जागी टॉवर आले, त्यांच्या पायाचे खड्डे खणणारी माणसं अजून त्याच वस्त्यांतून येतात. रात्री त्या बांधकामावर पहारा देणारा माणूसही आपलाच असतो. त्याला काय ऐकू येतं ते जाऊन विचारा आणि लिहा. आणि लिहिलेलं मला वाचायला द्या, मी दिवा लावून वाचेन.

जय भीम.